लाकडी पेनावर लेझरने नाव: नाशिकमध्ये कुठे द्यावं, काय तयारी करून द्यावं

लाकडी पेनावर नाव कोरून देणाऱ्यांची नाशिकमध्ये वानवा नाही. मेन रोड-शालिमारकडची ट्रॉफी आणि गिफ्टची दुकानं, सातपूर-अंबड एमआयडीसीत मार्किंगचं जॉबवर्क घेणारे गाळे, आणि घरीच टेबलावर डायोड लेझर मांडून फोनवर ऑर्डर घेणारे, असे तीन ठळक प्रकार. हा आढावा या तिन्हींचा आहे, आणि तोही फक्त लेथवर हाताने उतरवलेल्या पेनांपुरता. कारखान्यातून आलेली बांबूची पेनं कुठेही बरी होतात. त्यांचा व्यास ठरलेला असतो, फिनिश पातळ असतं. दुकानांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण ऑपरेटर बदलला की त्याच पाटीखाली वेगळं काम मिळतं.

निकाल आधी सांगतो. दहा-बारा पेनांपर्यंत सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरचं) मशीन असलेलं ट्रॉफीचं दुकान सगळ्यात बरं, फक्त दुकानदार न जोडलेला बॅरल (पेनाचा पोकळ लाकडी दांडा) घ्यायला तयार हवा. पन्नासच्या वर नग असतील तर जिग (बॅरल एकाच जागी धरून ठेवणारा साचा) बनवून देणाराच गाठावा. फायबर लेझरवाल्या गाळ्यात लाकूड नेऊच नये, तिथे पेनाची धातूची क्लिप न्यावी. आणि यातला कुणीही असो, नीट कोरलेलं अक्षर आणि भाजलेलं अक्षर यातला फरक बहुतेक वेळा पेन दुकानात पोचण्याआधीच ठरलेला असतो.

मशीनचा प्रकार आधी विचारायचा तो यासाठी. सीओटू लेझरची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, लाकूड ती वरच्या थरातच शोषून घेतं, त्यामुळे कड स्वच्छ येते आणि खोली हातात राहते. डायोडचा निळा किरण 450 नॅनोमीटरच्या आसपासचा. गडद लाकडावर तो चटकन धरतो, फिकट लाकडावर आढेवेढे घेतो, आणि पारदर्शक फिनिशमधून आरपार जाऊन खालचं लाकूड जाळतो. वरचा थर मग फोडासारखा उचलला जातो. डायोड मशीनच्या खोक्यावरचे वॉट बऱ्याचदा आत जाणाऱ्या विजेचे असतात, किरणाचे नाहीत. 40 वॉट लिहिलेलं मशीन प्रत्यक्षात 5-10 वॉटचाच प्रकाश देत असू शकतं, म्हणून ऑप्टिकल पॉवर (प्रत्यक्ष किरणाची ताकद) किती ते विचारून घ्यावं. फायबर लेझर 1064 नॅनोमीटरचा, तो धातूसाठी. मोटारींच्या सुट्या भागांवर नंबर टाकायला तो उत्तम, पण लाकूड हा किरण नीट घेत नाही. त्यावर येतं ते पुसट तपकिरी, कडा विरलेलं काहीतरी. "होईल की साहेब" म्हणून घेतलेलं काम असंच परत मिळतं.

आता पेन. इथे स्लिमलाइन किट (बारीक पेनाच्या तयार धातूच्या भागांचा संच) धरून चाललो आहोत, कारण नवीन माणूस तिथूनच सुरुवात करतो आणि लेझरसाठी सगळ्यात अडचणीचं तेच आहे. ब्लँक, म्हणजे उतरवायचा लाकडाचा तुकडा, साधारण 19 मिमी चौरस आणि 125 मिमी लांब. त्यात 7 मिमीचं भोक, आत सुमारे 53 मिमीच्या दोन पितळी नळ्या. तोंडाशी बुशिंगचा (लेथवर लाकूड किती उतरवायचं ते ठरवणाऱ्या धातूच्या कडीचा) व्यास 8.3 मिमीच्या आसपास. म्हणजे तिथे पितळेवर लाकूड उरतं जेमतेम 0.65 मिमी. अशा ठिकाणी 0.3 मिमी खोल कोरलं तर निम्मं लाकूड गेलं. शिवाय पितळ उष्णता ओढून घेतं, त्या गरमीने नळीवरचा सायनो (सायनोॲक्रिलेट, झटपट चिकटणारा) गोंद मऊ पडतो, आणि काही दिवसांनी अक्षराच्या ओळीतूनच लाकडाच्या रेषांच्या दिशेने केसासारखी चीर निघते. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नसतो. बॅरलला मध्यभागी 10 मिमीच्या आसपास पोट ठेवावं आणि नाव तिथेच घ्यावं. तिथे नळीवर दीड मिमी लाकूड मिळतं. तोंडापासून किमान 8 मिमी जागा सोडावी. खोली 0.15 ते 0.2 मिमी पुरे. बोटाला लागते आणि रंगही भरता येतो. ज्या पेनावर कोरायचं आहे त्याची नळी सायनोपेक्षा दोन भागांच्या इपॉक्सीने बसवावी. इपॉक्सी पोकळीही भरून काढतं आणि गरमीत जास्त टिकतं. नळीवर 150 नंबरचा पॉलिश पेपर मारून ती खरबरीत करायला विसरू नये.

पोट ठेवायचं म्हणजे मडक्यासारखं गोल नव्हे. नाव येणार तो 25-30 मिमीचा पट्टा सरळ, एकाच व्यासाचा हवा. चढ-उतार त्याच्या अलीकडे-पलीकडे घ्यावा. बॅरल निमुळता असला की रोटरीवर (बॅरल फिरवत कोरायच्या जोडणीवर) एका टोकाचं अक्षर उंच आणि दुसऱ्या टोकाचं बुटकं येतं, शिवाय फोकस एका बाजूला हलतो. कॅलिपर लावून पट्ट्याच्या दोन्ही टोकांचा व्यास मोजावा, फरक 0.1 मिमीच्या आत असला की झालं.

लाकडाच्या निवडीवर थोडं थांबावं लागेल, कारण दुकानात "कुठलंही चालेल" असं उत्तर मिळतं आणि ते खरं नाही. लेझरसाठी हळदू फार छान: पिवळट, बारीक पोताचं, कड तुटत नाही, अक्षर गडद तपकिरी उठून दिसतं. शिवणही फिकट आणि एकसारखी, पण मऊ असल्याने पॉवर कमी ठेवावी लागते. सागवान दिसायला देखणं, पण त्याच्या वर्षवलयांत मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात. मऊ पट्टा खोल जळतो, कठीण वरच राहतो, आणि एकाच "म"चा अर्धा भाग दरीत तर अर्धा टेकडीवर दिसतो. उपाय आहे: लेथवर गोल उतरवलेल्या सागवानाच्या एका बाजूला ज्वाळेसारख्या नक्षीचा पोत असतो आणि नव्वद अंशांवर बारीक सरळ रेषांचा. नाव सरळ रेषांच्या बाजूला घ्यावं. त्या बाजूची खूण नळीच्या तोंडाच्या आतून मार्करने करून ठेवावी, कारण दुकानात ती बाजू ओळखणारं कुणी नसतं. सागवान तेलकटही असतं. फिनिशच्या आधी ॲसिटोनचा फडका मारला नाही तर सीलर (रंध्रं बंद करणारा पहिला हात) धरत नाही.

शिसवीवर कोरलेलं दिसत नाही, ही तक्रार नेहमीची. गडद लाकडावर जळका रंग दिसणार तरी कसा? तिथे कोरून आत फिकट रंग भरायचा असेल तरच हात घालावा. बाभूळ कठीण आणि जड, मधल्या गाभ्यावर बरी येते. आंब्याचं लाकूड एकाच ब्लँकमध्ये फिकट-गडद होतं, त्यामुळे दहा पेनांचा संच सारखा दिसणार नाही हे ग्राहकाला आधी सांगावं.

आणि खास आपल्याकडचं म्हणजे द्राक्षाच्या खोडाचं लाकूड. जुनी बाग काढली की खोडं सरपणाच्या भावात मिळतात, आणि "आमच्या बागेच्या वेलीचं पेन" ही भेट म्हणून झकास वाटते. पण हे लाकूड छिद्राळ, पीळदार आणि वाळताना तडकणारं. कापल्या-कापल्या दोन्ही टोकांना मेण किंवा फेविकॉलचा जाड लेप लावून सावलीत महिनोन्‌महिने वाळवलं नाही तर भोक पाडतानाच फुटतं. छिद्रं सायनोने किंवा रेझिनने भरावी लागतात, आणि रेझिन व लाकूड लेझरला वेगळी उत्तरं देतात: लाकूड काळं पडतं, रेझिन पांढुरकं. द्राक्षाच्या पेनावर बारीक नाव नको. एखादं ठळक चिन्ह किंवा दोन अक्षरं, बस.

घासाईचा भाग थोडक्यात. 150, 220, 320, 400, आणि दर नंबरनंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने हाताने घासायचं. गोल गोल ओरखडे राहिले तर काजळी त्यांत जाऊन बसते आणि अक्षराभोवती बांगड्यांसारख्या रेघा उमटतात. 400 च्या पुढे कोरण्याआधी जायची गरज नाही.

खरी मेख फिनिशची. चकचकीत तयार पेन नेऊन "यावर नाव टाका" म्हणणं सोपं, पण सायनोचा जाड थर लेझरखाली वितळतो, अक्षराच्या कडेला पांढरट झालर येते, आणि निघणारी वाफ डोळे-नाक झोंबवते. दोन भागांच्या पीयूचीही (पॉलियुरेथेनची) तीच गत, कडा तपकिरी आणि चिकट होतात. मेण तर मुळीच नको. ते वितळून पसरतं, अक्षराभोवती तेलकट वलय उठतं आणि नंतर ना रंग धरत ना पॉलिश. याउलट अगदी कोरं लाकूड दिलं तर धूर थेट रंध्रांत शिरतो आणि हळदू-शिवणीसारखं फिकट लाकूड कळकट होतं. मधला मार्ग असा: चपडा लाखेचे पातळ दोन हात, मध्ये 400 चा हलका हात, आणि एक रात्र वाळवण. रंध्रं बंद होतात, काजळी वर राहते, आणि इतका पातळ थर लेझरला अडवत नाही. एनसी सँडिंग सीलरही चालतो, पण तो नायट्रोसेल्युलोजचा असतो, अर्धवट वाळलेला लेझरखाली गेला तर पेट घेऊ शकतो. पूर्ण एक दिवस वाळू द्या, आणि कुठला सीलर लावला ते दुकानात स्वतःहून सांगा. चांगल्या ऑपरेटरची ओळख अशी की तो हे आधीच विचारतो. विनाइल किंवा पीव्हीसीचं काहीही लेझरखाली घालायला तो नकार देत असेल तर आणखी चांगलं, कारण त्यातून क्लोरीनयुक्त वायू निघतो आणि माणूस-मशीन दोघांचं वाटोळं होतं.

मास्किंग टेपबद्दल मतभेद आहेत. सपाट फळीवर कागदी टेप लावून कोरणं ठीक, पण पेनावरच्या 3 मिमीच्या अक्षरांतून टेपचे कपटे टोचून काढणं हे शिक्षेचं काम आहे. लाखेचा हात दिला असेल तर टेपची गरज नाही. लावायचीच तर एकच पदर. दोन पदर एकमेकांवर चढले तिथे अक्षर अर्ध्यावर फिकं पडतं.

पेन जोडून न्यायचं नाही, हे पुन्हा सांगायला हवं. स्लिमलाइनला खालचा आणि वरचा बॅरल एकमेकांवर फिरतात. खालच्या बॅरलवर नाव घेतलं तर क्लिप त्याच्या समोर कधीच स्थिर राहत नाही. नाव वरच्या बॅरलवर घ्यावं, नळी बसवलेला सुटा बॅरल द्यावा, आणि क्लिप नंतर प्रेस करताना नावाच्या बरोबर समोर लावावी. अक्षरांची दिशाही लिहून द्यावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला नाव सुलटं वाचता यायचं तर निब डावीकडे ठेवून कोरलं पाहिजे. ही चूक दुकानात सर्रास होते आणि ती सुधारता येत नाही. बॅरलच्या निबकडच्या तोंडावर पेन्सिलने बाण काढला की प्रश्न मिटतो.

रोटरी लागतेच असं नाही. साधं गणित आहे: 10 मिमी व्यासाच्या बॅरलवर 5 मिमी उंचीचं अक्षर घेतलं तर त्याची वरची-खालची कड मध्यापेक्षा 0.67 मिमी खाली जाते. दोन इंची लेन्सला एवढा उतार झेपतो. 8 मिमी उंची घेतली की उतार 2 मिमी होतो, आणि कडेची अक्षरं फोकसबाहेर जाऊन फिकी, जाड पडतात. म्हणजे एका ओळीचं नाव असेल तर सपाट जिगवर काम होतं. बॅरलभर नक्षी किंवा दोन-तीन ओळी असतील तरच रोटरी. तीही चक (बॅरल घट्ट धरणारा जबडा) असलेली असावी. रोलरवरच्या रोटरीवर पेनासारखी हलकी वस्तू घसरते आणि शेवटचं अक्षर पहिल्याच्या अंगावर येतं. जिग करायला 6 मिमीच्या एमडीएफमध्ये खाचा पाडाव्या आणि बॅरल 6 मिमीच्या सळईवर टेपचा एखादा वेढा देऊन घट्ट बसवावा. ट्रॉफीवाले त्यांच्याच मशीनवर हा जिग कापून देतात. पुढच्या खेपेला तोच घेऊन गेलं की मांडणीचा वेळ वाचतो, आणि मांडणीचे वेगळे पैसे लावणाऱ्यांकडे पैसेही.

देवनागरीचं दुखणं वेगळंच. फाइल युनिकोड मजकुरात पाठवली की दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार भलत्या अक्षरावर बसतो. दुकानदार मग स्वतःच्या जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करतो आणि "कुलकर्णी" "कूलकर्णि" होऊन येतो. मजकूर घरीच कर्व्हजमध्ये (टाइप न राहता नुसत्या आकारांत) बदलून एसव्हीजी किंवा पीडीएफ द्यावी, आणि सोबत कागदावर छापलेलं नाव. फाँट मुक्ता (Mukta) सारखा, एकसारख्या जाडीचा, मध्यम वजनाचा घ्यावा. सुलेखनातली बारीक-जाड वळणं पडद्यावर मोहक दिसतात, पण 0.3 मिमीपेक्षा बारीक रेघ लाकडाच्या पोतात हरवते. अनुस्वाराचा टिंब किमान 0.5 मिमीचा करून घ्या. अक्षराची उंची शिरोरेषेपासून 3 मिमीच्या खाली गेली की "क्ष" आणि "ज्ञ" यांची पोटं भरून जातात.

नमुना आला की दहापट भिंगाखाली "काना" बघावा. मशीनचं डोकं जाता-येता दोन्ही बाजूंनी कोरत असेल आणि त्याची वेळ जुळवलेली नसेल, तर कान्याची सरळ कड कंगव्याच्या दातांसारखी दिसते. एक ओळ थोडी पुढे, दुसरी थोडी मागे. शिरोरेषा ठीक असते, म्हणून उघड्या डोळ्यांना अक्षर नुसतं धूसर वाटतं आणि दोष लाकडावर जातो. ऑपरेटरला एकाच दिशेने स्कॅन करायला सांगावं, किंवा स्कॅनिंग ऑफसेट जुळवायला. काम थोडं सावकाश होतं, कड मात्र सुरीने कापल्यासारखी येते. "स्कॅनिंग ऑफसेट" हा शब्द उच्चारल्यावर समोरचा गोंधळला तर दहा पेनांची ऑर्डर तिथे देऊ नये.

सेटिंगचे आकडे एका मशीनचे दुसऱ्याला चालत नाहीत, तरी दोन गोष्टी धरून ठेवाव्या. ओळींमधलं अंतर 0.1 मिमी, म्हणजे 254 डीपीआय, पेनाला पुरतं. 500-600 डीपीआय लावलं की ओळी एकमेकांवर चढून लाकूड कोळसा होतं. दुसरं, 60 वॉटची सीओटू नळी 10 टक्क्यांच्या खाली भरवशाने पेटत नाही. त्यामुळे अक्षर खोल जात असेल तर पॉवर आणखी कमी करण्यापेक्षा वेग वाढवायला सांगावा. हवेचा झोत मंद हवा. जोराचा झोत काजळी लाकडावर ढकलतो. पेनांसोबत त्याच लाकडाचा, त्याच व्यासाचा आणि तोच सीलर लावलेला एक वाया जाऊ शकेल असा तुकडा द्यावा. सपाट पट्टीवर घेतलेली चाचणी गोल पेनाला लागू पडत नाही. तीन पॉवर, तीन वेग, नऊ चौकोन. त्यातला आवडता दाखवून पुढचं काम. जो दुकानदार हे करायला कंटाळतो तो पेन भाजूनच देतो.

घरगुती डायोडवाल्यांबद्दल: काम मन लावून करतात, एकेक नग घेतात, दिशा-जागा फोनवर दाखवून विचारतात. फिकट लाकडाला वेळ जास्त लागतो आणि कड सीओटूएवढी तरतरीत येत नाही, पण भेटीच्या एका पेनाला तो फरक खुपत नाही. मशीन उघड्या चौकटीचं, आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर 450 नॅनोमीटरसाठीचे केशरी गॉगल नाहीत, असं दृश्य असेल तर पेन उचलून बाहेर पडावं. निळा किरण परावर्तित झाला तरी डोळ्याला इजा करतो.

परत घेताना काजळी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. खाली लाख असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवू नये, लाख विरघळते आणि काळं पसरतं. टर्पेंटाइन वापरावं. रंग भरायचा तर ॲक्रिलिक, टोकदार काडीने, आणि वर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसून. मग शेवटचं फिनिश. अक्षर बोटाला लागावं असं वाटत असेल तर लाखेचे आणखी दोन हात आणि वर पातळ मेण. गुळगुळीत हवं तर पातळ सायनोचे थर देत अक्षरं भरून काढायची आणि सपाट घासायचं. एकच जाड थर ओतला तर अक्षरात बुडबुडा अडकतो.

दर नगावर की मिनिटावर, मांडणीचे पैसे वेगळे का, नाव चुकलं तर भरपाई कुणाची, हे बोलूनच बॅरल हातात द्यावेत. बहुतेक जण लाकडाची भरपाई देत नाहीत, म्हणून दहा पेनांच्या संचाला दोन बॅरल जास्तीचे करून नेणं परवडतं. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला आणि 5 सप्टेंबरच्या शिक्षक दिनाला पेनं भेट द्यायची असतील तर दोन आठवडे आधी बॅरल पोचवा. शेवटच्या दिवसांत ट्रॉफीवाले स्मृतिचिन्हांत बुडालेले असतात आणि नऊ चौकोनांच्या चाचणीला कुणाला वेळ नसतो.